अर्धी शेती अलीकडे, अर्धी पलीकडे: अनुदान नेमके कुठे अडते?

वाचकांचे प्रश्न

महाराष्ट्र-कर्नाटक आणि महाराष्ट्र-तेलंगणा सीमेलगतच्या तालुक्यांतून आलेले काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. प्रश्नकर्त्यांची नावे आणि गट नंबर मुद्दाम गाळले आहेत. सगळ्या पत्रांत एक वाक्य हमखास आहे: "दोन्हीकडे अर्ज केला, दोन्हीकडे थांबा म्हणतात." उत्तर मात्र प्रत्येकाचे वेगळे निघते. पैसा हद्दीच्या दगडाला अडत नाही. तो अडतो दोन राज्यांच्या दोन दप्तरांत आपली नोंद कशी झाली आहे यावर.

प्रश्न: माझी दीड एकर शेती कागल तालुक्यात आणि तीन एकर निपाणी तालुक्यात आहे. राहतो कागलकडे. पीएम किसानचे दोन हजार वेळेवर येतात, पण नमो शेतकरीचा एकही हप्ता आलेला नाही. कृषी कार्यालयात "यादीत नाव नाही" एवढेच सांगतात.
— एक वाचक, ता. कागल

उत्तर: तुमची पीएम किसानची नोंद कर्नाटकातून झालेली असावी. 2019 मध्ये योजना आली तेव्हा पुष्कळांनी जिथे शेती जास्त तिथे अर्ज दिला. त्या वेळी ते बरोबरही होते, कारण केंद्राचा पैसा कुठूनही सारखाच येतो. गोम पुढे झाली. नमो शेतकरी महासन्मान निधी ही महाराष्ट्राची योजना आहे. तिचा पहिला हप्ता ऑक्टोबर 2023 मध्ये आला. तिला वेगळा अर्ज नसतो. पीएम किसानच्या महाराष्ट्राच्या यादीतले पात्र लाभार्थी उचलून त्यांनाच वर्षाला आणखी 6,000 रुपये दिले जातात. तुमचे नाव कर्नाटकच्या यादीत असेल तर महाराष्ट्राच्या संगणकाला तुम्ही दिसतच नाही.

आधी खात्री करा. पीएम किसानच्या संकेतस्थळावर 'नो युवर स्टेटस' उघडून नोंदणी क्रमांक टाका. क्रमांक आठवत नसेल तर त्याच पानावर मोबाईल किंवा आधार क्रमांकावरून तो शोधता येतो. वरच्या चौकटीत नाव, राज्य, जिल्हा दिसतो. तिथे कर्नाटक असेल तर आमचा अंदाज बरोबर.

नोंद हलवण्यासाठी त्याच संकेतस्थळावर शेतकऱ्यांच्या विभागात राज्य बदलण्याच्या विनंतीचा पर्याय आहे. विनंतीसोबत महाराष्ट्रातल्या जमिनीचा सातबारा लागतो आणि त्यावर तुमचे नाव 1 फेब्रुवारी 2019 च्या आधीपासून असावे लागते. तेवढे असेल तर दीड एकरही पुरते, कारण 2019 च्या मध्यापासून या योजनेला जमिनीची वरची मर्यादा राहिलेली नाही.

दोन चुका टाळा. पहिली, महाराष्ट्रात नवी नोंदणी करू नका. आधार आधीच वापरात असल्याने ती फेटाळली जाते. दुसरी चूक जास्त महागात पडते. सेतू केंद्रातला मुलगा म्हणेल, "काका, तिकडचं सरेंडर करू, इकडं नवीन टाकू." लाभ सोडण्याचा पर्याय योजनेतून कायमचे बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. तो दाबला की चालू असलेले दोन हजारही थांबतात आणि परत आत येण्यासाठी पडताळणीची फेरी पहिल्यापासून करावी लागते.

बदली चालू असताना पीएम किसानचा एखादा हप्ता मागे राहू शकतो, कारण नव्या राज्याला जमिनीची नोंद पुन्हा तपासावी लागते. म्हणून हप्ता जमा झाल्यावर लगेच विनंती टाका. एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च असे तीन टप्पे आहेत. हप्ता झाल्यावर पुढच्यापर्यंत मधे अवकाश मिळतो.

प्रश्न: इकडची जमीन माझ्या नावावर, पलीकडची मंडळींच्या नावावर. दोघांनाही पीएम किसान मिळत होते. आता दोघांचेही बंद झाले. जमिनी वेगळ्या, राज्ये वेगळी, मग अडचण काय?
— एक वाचक, ता. चंदगड

उत्तर: अडचण 'कुटुंब' या शब्दाच्या व्याख्येत आहे. पीएम किसानमध्ये पती, पत्नी आणि 18 वर्षांखालची मुले मिळून एक कुटुंब आणि एका कुटुंबाला वर्षाला 6,000 रुपये. जमीन वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या दप्तरांत असली तरी ती एकत्र धरायची, असे मार्गदर्शक सूचनांतच आहे. राज्य वेगळे म्हणून कुटुंब वेगळे होत नाही.

2025 मध्ये केंद्राने संशयित नोंदी बाजूला काढून प्रत्यक्ष पडताळणी होईपर्यंत त्यांचे हप्ते थांबवले. त्यात प्रामुख्याने दोन प्रकार होते: एकाच कुटुंबातले एकाहून जास्त लाभार्थी आणि 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन घेतलेले लाभार्थी. तुम्ही पहिल्या प्रकारात बसता. दोघांपैकी एकाची नोंद ठेवा. महाराष्ट्रात राहत असाल तर तुमची ठेवणे सोयीचे, कारण तिच्यावर नमोचेही पैसे आहेत. दुसऱ्या नोंदीवर घेतलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते. ती भरायची सोय पीएम किसानच्याच संकेतस्थळावर आहे. पावतीची प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आणि पलीकडे रयत संपर्क केंद्रात (तिकडचे कृषी कार्यालय), दोन्हीकडे द्या. एका राज्याने वसुली झाल्याची नोंद केली तरी दुसऱ्याला ती आपोआप कळेल यावर विसंबू नका.

वडील आणि सज्ञान मुलगा यांच्या नावावर स्वतंत्र खाती असतील तर ती दोन कुटुंबे धरली जातात. पडताळणीला येणारा माणूस रेशनकार्ड पाहतो आणि सगळ्यांना एकत्र मोजू पाहतो. तेव्हा मुलाच्या जन्मतारखेचा पुरावा आणि त्याचा स्वतंत्र आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) समोर ठेवा.

प्रश्न: संकेतस्थळावर "पैसे जमा" असे दिसते. बँकेत पासबुक छापून घेतले, तर एक रुपया नाही. बँक म्हणते आमच्याकडे आलेच नाहीत. खोटे कोण बोलते आहे?
— एक वाचक, ता. जत

उत्तर: बहुतेक वेळा कोणीच नाही. पैसे तुमच्याच दुसऱ्या खात्यात पडलेले असतात.

सीमेवरच्या घरांत दोन खाती असणे नेहमीचे आहे. सोसायटीच्या कर्जासाठी जिल्हा बँकेत एक आणि पलीकडच्या जमिनीसाठी तिकडच्या ग्रामीण बँकेत दुसरे. दोन्ही खात्यांना आधार 'जोडलेले' असते. पण जोडणे दोन प्रकारचे असते आणि काउंटरवर तो फरक सांगितला जात नाही. एक म्हणजे ओळख पटवण्यासाठी खात्याला आधार लावणे. ते कितीही खात्यांना लावता येते. दुसरे म्हणजे सीडिंग. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या (एनपीसीआय) नकाशात एका आधारापुढे एकाच बँकेचे नाव असते. अनुदानाचा पैसा या नकाशावरून जातो, अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावरून नाही. आणि नकाशात शेवटी ज्या बँकेने नोंद केली तिचे नाव राहते.

समजा, पलीकडच्या बँकेत गेल्या वर्षी खात्याची कागदपत्रे नव्याने दिली आणि अर्जातल्या एका चौकोनात खूण केली. त्या दिवसापासून दोन्ही राज्यांचे आधारावर येणारे सगळे पैसे तिकडे वळले. इकडचे पासबुक कोरेच राहणार.

तपासायला दोन मिनिटे पुरतात. आधारला जोडलेल्या मोबाईलवरून \*99\*99\*1# लावा, आधार क्रमांक टाका. कोणत्या बँकेचे सीडिंग चालू आहे ते दिसते. 'माय आधार' संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्येही तेच कळते. ज्या बँकेत पैसे हवेत त्या शाखेत जाऊन "आधार लिंक करा" म्हणू नका. "एनपीसीआय सीडिंग करून द्या" म्हणा आणि संमतीच्या अर्जाची पोच घ्या. काही दिवसांनी पुन्हा तपासा.

मात्र महाराष्ट्रासाठी एक आणि कर्नाटकासाठी दुसरे असे दोन खात्यांचे सीडिंग होत नाही. एक खाते ठरवा आणि ते हलवत बसू नका. हप्ता जाहीर झाल्यावर बँक बदलणाऱ्यांचे पैसे परत जाण्याचे प्रकार जास्त घडतात, कारण सरकारी आदेश निघतो तेव्हा नकाशात एक बँक असते आणि पैसे पोहोचेपर्यंत दुसरी.

आता 'स्टेटस'मधल्या इंग्रजी ओळींबद्दल, कारण हे प्रश्न खूप आहेत. 'आरएफटी साइन्ड बाय स्टेट' म्हणजे राज्याने तुमच्यासाठी केंद्राकडे पैसे मागितले. 'एफटीओ जनरेटेड, पेमेंट कन्फर्मेशन पेंडिंग' म्हणजे केंद्राचा आदेश निघाला, बँकेची पोच यायची आहे. या दोन ओळी दिसत असतील तर कार्यालयात चकरा मारण्याची गरज नाही. गरज आहे ती खालच्या तीन नोंदी पाहण्याची: लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडणे), ई-केवायसी (ओळख पडताळणी) आणि आधार बँक सीडिंग. ज्या नोंदीपुढे 'नो' असेल तीच तुमची अडचण. महाराष्ट्रात लँड सीडिंग 'नो' असेल तर तहसील कार्यालय, ई-केवायसी 'नो' असेल तर सेवा केंद्र किंवा मोबाईल ॲपवर चेहरा दाखवून पूर्तता आणि बँक सीडिंग 'नो' असेल तर बँक. तिन्हींसाठी कृषी कार्यालयाच्या रांगेत उभे राहून लोक दिवस घालवतात.

प्रश्न: पलीकडच्या जमिनीचे फ्रूट्समध्ये नाव नोंदवायला गेलो तर "आधार आणि पहाणीवरचे नाव जुळत नाही" म्हणून परत पाठवले. क्षेत्रही कमी दाखवतात. नाव तर माझेच आहे!
— एक वाचक, ता. गडहिंग्लज

उत्तर: कर्नाटकात शेतकऱ्याची सगळी अनुदाने फ्रूट्स या प्रणालीतल्या ओळख क्रमांकावरून जातात. तिकडे त्याला एफआयडी म्हणतात. तो क्रमांक तुमच्या आधारावर आणि आरटीसीवर, म्हणजे सीमाभागात ज्याला पहाणी किंवा उतारा म्हणतात त्यावर उभा असतो. ही पहाणी कन्नडमध्ये. तुमचे आधार महाराष्ट्रातले, म्हणून मराठी आणि इंग्रजीत. अडचण या लिपींच्या सांध्यात होते.

नमुना पाहा. आधारवर 'पाटील रामचंद्र बाळू' असे आडनाव आधी असते. पहाणीवर 'रामचंद्र बाळू पाटील', काही जुन्या नोंदींत 'रामू बिन बाळू'. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. बायकांच्या नावात 'कोम' येते, म्हणजे अमक्याची पत्नी: 'लक्ष्मीबाई कोम रामचंद्र'. नोंदणी करणारा मुलगा 'बिन' आणि 'कोम' हेही नावाचाच भाग समजून इंग्रजीत टाकतो आणि जुळणीत तुमचे गुण कमी पडतात. 'बाळू' आणि 'बाळकृष्ण' यांची गफलत तर जुनीच.

किरकोळ फरक असेल, म्हणजे क्रम किंवा एखादे अक्षर, तर रयत संपर्क केंद्रात आधार, पहाणी आणि 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे प्रतिज्ञापत्र देऊन पूर्तता मागा. टोपणनाव आणि खरे नाव असा फरक असेल तर प्रतिज्ञापत्राने तात्पुरते भागते, पण पुढच्या योजनेत तोच दगड पायात येतो. अशा वेळी पहाणीतच दुरुस्ती करून घ्या. अर्ज नाडकचेरीत, म्हणजे तिकडच्या उपतहसील कार्यालयात द्यावा लागतो. आधारवरचे नाव पहाणीसारखे करून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तसे केले की महाराष्ट्रातला सातबारा, बँक आणि शेतकरी ओळख क्रमांक तिन्हीकडे नवी विसंगती तयार होते.

आता क्षेत्र. कर्नाटकची पहाणी एकर-गुंठ्यांत, आपला सातबारा हेक्टर-आरमध्ये. पहाणीवर '1-20' असेल तर तो 1 एकर 20 गुंठे, म्हणजे दीड एकर. तो 1.20 एकर असा दशांशात टाकला की घात झाला. दीड एकर म्हणजे 60 गुंठे, म्हणजे 60.70 आर. सातबाऱ्याच्या पद्धतीने 0.60.70. चुकीचे 1.20 एकर धरले तर भरतात 48.56 आर. बारा आर जमीन कागदावरून गेली. कोरडवाहू पिकाच्या नुकसानीची मदत हेक्टरी 8,500 रुपये धरली तर एका हंगामात हजार रुपयांवर पाणी. सोबत घेऊन जायचा हिशोब एवढाच: 40 गुंठे म्हणजे 1 एकर, 1 गुंठा म्हणजे 1.0117 आर आणि 100 आर म्हणजे 1 हेक्टर.

क्षेत्र कमी दिसण्याचे दुसरे कारण खराबा. आपल्याकडे पोटखराब आणि तिकडे फूटखराब वेगळ्या रकान्यात असतो आणि तो वजा करूनच लागवडीलायक क्षेत्र धरतात. ती चूक नव्हे. भांडण्याआधी तो रकाना पाहून घ्या.

प्रश्न: शेत महाराष्ट्रात, विहीर बांधापलीकडे कर्नाटकात, दोन्ही माझीच. ठिबकचा अर्ज महाडीबीटीवर (महाराष्ट्राचे अनुदान अर्जांचे संकेतस्थळ) टाकला, निवडही झाली. आता "पाण्याचा स्रोत नाही" म्हणून अर्ज परत आला.
— एक वाचक, ता. शिरोळ

उत्तर: या वेळच्या पत्रांतला हा सगळ्यात अस्सल सीमाप्रश्न.

ठिबकला अल्प व अत्यल्प भूधारकांना केंद्राच्या योजनेतून 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे. त्यावर महाराष्ट्र मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून भर घालून ते अनुक्रमे 80 आणि 75 टक्क्यांपर्यंत नेतो. पैसे मोठे, म्हणून तपासणी कडक. तपासणारा अधिकारी सातबाऱ्याचा खालचा भाग, म्हणजे गाव नमुना बारा पाहतो. तिथे पिकापुढे जलसिंचनाचे साधन लिहिलेले असते. तुमची विहीर दुसऱ्या राज्याच्या दप्तरात असल्याने तुमच्या बाराव्या नमुन्यात तिचा मागमूस नाही. त्यातच ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून आपल्या पिकाची नोंद करताना घाईत 'अजलसिंचित' निवडले गेले असेल तर तुमचीच नोंद तुमच्याविरुद्ध पुरावा झाली. ऊस लावून अजलसिंचित लिहिलेले सातबारे आहेत, हसू येते पण खरे आहे.

करायचे असे. चालू हंगामाच्या ई-पीक पाहणीत पीक जलसिंचित म्हणून आणि साधन विहीर म्हणून नोंदवा. मुदत गेली असेल तर तलाठ्यांकडे दुरुस्ती मागा. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पलीकडे ग्रामलेखापालाचे ग्राम प्रशासन अधिकारी झाले. लोक दोन्हीकडे तलाठीच म्हणतात.) मग विहिरीच्या जमिनीची ताजी पहाणी आणि तिचे मराठी भाषांतर जोडा. सोबत स्वयंघोषणापत्र: विहीर माझ्या मालकीची, सर्व्हे नंबर अमुक, तिथून शेतापर्यंत पाइपलाइन इतके मीटर, पाणी या गटासाठी वापरतो. विहिरीत भाऊबंदांचा हिस्सा असेल तर सगळ्यांचे संमतिपत्र. पंपाचे अलीकडचे वीजबिल किंवा वीज जोडणीचा कागद यात फार उपयोगी पडतो, कारण पाणी खरोखर उपसले जाते हे तोच दाखवतो. या सगळ्यावर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन मोका तपासणीत विहीर पाहण्याची विनंती करा. तोंडी बोलून हा विषय सुटत नाही, कारण अर्ज परत पाठवणारा आणि तपासणीला येणारा माणूस एक असेलच असे नाही.

बिलाचीही काळजी घ्या. निपाणी किंवा चिकोडीचे दुकान जवळ आणि स्वस्त वाटते, पण महाराष्ट्राच्या योजनेसाठी महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या वितरकाचेच जीएसटी बिल लागते. पूर्वसंमती हातात पडण्याआधीच्या तारखेचे बिल असेल तर अर्ज तिथेच संपतो. संच बसवल्यावर नळ्या, गाळणी आणि व्हॉल्व्ह अंदाजपत्रकाप्रमाणे आहेत ना ते स्वतः मोजा. संच 2 हजार मीटर नळीचा लिहिला आणि शेतात 1,700 मीटर निघाली तर तपासणीत रक्कम कापली जाते किंवा प्रकरण पडून राहते.

पलीकडची जमीन धरून एकूण क्षेत्र 2 हेक्टरच्या वर जात असेल तर स्वतःला अल्पभूधारक लिहू नका. महाराष्ट्राचा आठ-अ तुमची कर्नाटकातली जमीन दाखवत नाही हे खरे. पण घोषणापत्र तुमच्या सहीचे असते. 5 टक्क्यांसाठी सगळे अनुदान धोक्यात घालण्यात शहाणपण नाही.

प्रश्न: पुरात दोन्ही बाजूंचे पीक गेले. इकडचा पंचनामा झाला, तिकडे "तुम्ही महाराष्ट्राचे" म्हणाले. मदत एकाच बाजूची मिळते का?
— एक वाचक, ता. शिरोळ

उत्तर: नाही. पंचनामा जमिनीचा होतो, माणसाच्या रहिवासाचा नाही. प्रत्येक राज्य आपल्या हद्दीतल्या पिकाची मदत देते. दोन राज्यांत दोन अर्ज करणे गैर नाही. एकाच क्षेत्राचे पैसे दोनदा घेणे गैर.

केंद्राच्या आपत्ती निकषांप्रमाणे 33 टक्के किंवा अधिक नुकसान झाल्यास कोरडवाहूला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकांना 22,500 रुपये, 2 हेक्टरपर्यंत. राज्ये वेळोवेळी त्यात आपली भर घालतात, म्हणून दोन्हीकडची रक्कम सारखी असेल असे समजू नका. महाराष्ट्रात पंचनामा झाला की यादीत तुमच्या नावापुढे व्हीके क्रमांक, म्हणजे विशिष्ट क्रमांक पडतो. तो घेऊन सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करेपर्यंत पैसे सुटत नाहीत. शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ही पायरी बऱ्याचदा लागत नाही. तरीही यादीत नाव आणि क्रमांक स्वतः पाहून या.

कर्नाटकात ही मदत 'परिहार' या प्रणालीतून आणि फ्रूट्सच्या क्रमांकावरून जाते. एफआयडी नसेल किंवा तुमचा तो सर्व्हे नंबर त्या क्रमांकाला जोडलेला नसेल तर पंचनाम्यात नाव असूनही पैसे निघत नाहीत. "तुम्ही महाराष्ट्राचे" हे त्यांचे म्हणणे बहुधा या अपूर्ण नोंदीचेच सोपे भाषांतर असते. एफआयडीच्या छापील कागदावर सगळे सर्व्हे नंबर आणि हिस्से आहेत का ते एकेक करून ताडून पाहा. एक हिस्सा सुटलेला हमखास सापडतो.

प्रश्न: पीकविमा एकाच अर्जात दोन्ही जमिनींचा भरता येतो का?

उत्तर: नाही, दोन अर्ज. कर्नाटकात तो 'संरक्षणे' या पोर्टलवर एफआयडीसह भरावा लागतो. शेतकऱ्याचा हिस्सा दोन्हीकडे सारखाच: खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड, नगदी व फळपिकांना 5. महाराष्ट्रातला एक रुपयाचा विमा खरीप 2025 पासून बंद झाला आहे.

भरपाई मात्र सारखी येणार नाही आणि शेजारी असूनही येणार नाही. सरासरी उत्पन्न काढायला महाराष्ट्रात महसूल मंडळ हा घटक धरतात, कर्नाटकात मुख्य पिकांसाठी ग्रामपंचायत. तुमच्या बांधाच्या दोन बाजूंचे उत्पन्न दोन वेगळ्या सरासऱ्यांत मोजले जाते. शिवाय खरीप 2025 पासून महाराष्ट्रात पीक कापणी प्रयोगावर (नमुन्याचे पीक कापून उत्पन्न मोजणे) आधारितच भरपाई ठेवली. पीक पाण्याखाली गेल्याची वैयक्तिक सूचना पलीकडे 72 तासांत 14447 वर द्यायची असते. इकडच्या सवयीने ती द्यायची राहते.

प्रश्न: वडील वारले. जमीन बिलोलीत आणि पलीकडे निजामाबाद जिल्ह्यात. वडिलांच्या खात्यावर तेलंगणाचे रयतु भरोसाचे पैसे येत होते, ते बंद झाले. शेजाऱ्याला मिळाले, आम्हाला नाही.
— एक वाचक, ता. बिलोली

उत्तर: रयतु भरोसा हे पट्टादार पासबुकावर (जमीनमालकाची नोंदपुस्तिका) मिळते आणि पट्टादार तेलंगणात राहत नसला तरी मिळते. जानेवारी 2025 पासून एकरी हंगामाला 6,000 रुपये असा दर आहे. आधीच्या रयतु बंधूमध्ये 5,000 होता. वारस नोंद होईपर्यंत पासबुक वडिलांच्याच नावाचे राहते आणि मृत पट्टादाराचे पैसे थांबतात. तेलंगणातली वारस नोंद आता भू भारती प्रणालीतून, मंडळ तहसील कार्यालयात होते. नवे पासबुक मिळाल्यावर कृषी विस्तार अधिकाऱ्यांकडे, तिकडे त्यांना एईओ म्हणतात, आधार, पासबुक आणि बँकेचा तपशील द्या. इथे नुसत्या सीडिंगवर विसंबू नका. खाते क्रमांक आणि आयएफएससी त्यांच्या यादीत टाकून घ्या. बँकांच्या विलीनीकरणानंतर जुना आयएफएससी तसाच राहिला असेल तरीही पैसे परत जातात.

शेजाऱ्याला आधी मिळणे हे दर वेळी चुकीचे लक्षण नसते. तेलंगणात पैसे कमी क्षेत्रवाल्यांपासून वर सोडत जातात. एकरवाल्याला पहिल्या दिवशी, पाच एकरवाल्याला नंतर.

बिलोलीकडची वारस नोंद वेगळी करावी लागेल. तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांची नावे. फेरफाराची नोटीस लागल्यापासून हरकतीसाठी 15 दिवस असतात. पीएम किसानसाठी 1 फेब्रुवारी 2019 ची अट वारसाने आलेल्या जमिनीला आड येत नाही, पण वडील हयात नसतानाही त्यांच्या नावावर हप्ते जमा झाले असतील तर ते परत करा, नाहीतर तुमच्या अर्जावर शेरा पडतो. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती सुरुवातीलाच सात-आठ काढून ठेवा. दोन राज्ये, दोन बँका आणि विमा यांत त्या संपतात.

प्रश्न: आमचे गाव महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांपैकी आहे. आरोग्य योजना मिळते, मग नमो शेतकरी का नाही?
— एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव

उत्तर: 865 गावांना महाराष्ट्राची प्रत्येक योजना आपोआप लागू झालेली नाही. ज्या योजनेच्या शासन निर्णयात या गावांचा स्पष्ट उल्लेख आहे तेवढीच मिळते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना तशी आहे. नमोची यादी पीएम किसानच्या महाराष्ट्राच्या नोंदींतून निघते आणि त्यासाठी जमीन महाराष्ट्राच्या दप्तरात लागते. चंदगड किंवा कागलकडे तुमच्या नावावर वडिलोपार्जित तुकडा असेल तर पहिल्या उत्तरातला मार्ग तुम्हालाही खुला आहे. त्यासाठी एखादा गुंठा विकत घ्यावा असे कोणी सुचवत असेल, तर 1 फेब्रुवारी 2019 नंतरची खरेदी चालत नाही.